थोरलीचं सरबत

"किती वेळ उकळलं त्यांनी?" ग्वेनने मला विचारलं.

सप्टेंबरातला दुसरा शनिवार, सकाळचे साडेदहा. गावच्या मैदानात पांढरा तंबू उभारलेला, त्याच्या दाराला आडवी दोरी, आणि दोरीवर 'परीक्षण चालू आहे' अशी पाटी. बाहेर गवतावर आम्ही तिघी उभ्या होतो: मी, माझ्या सासूबाई माई आणि शेजारची ग्वेन. आत लांबलचक टेबलावर मुरांब्यांच्या आणि लोणच्यांच्या रांगेपलीकडे माईंच्या सरबताची बाटली होती. तिच्यावर उजेड पडला की आतला रंग असा काही दिसायचा, की ठेवायला गेलो तेव्हा शेजारच्या बाटलीवाल्या बाईने आपली बाटली गुपचूप दोन वीत लांब सरकवली होती. मी ते पाहिलं होतं आणि मला फार बरं वाटलं होतं.

ग्वेनचा प्रश्न मी नेहमीसारखा मराठीत टाकला. "माई, ती विचारतेय, सरबत किती वेळ उकळलंत?"

"उकळलं?" माई म्हणाल्या. "सरबत कुणी उकळतं का गो?"

"मग केलंत कसं?"

"अमृतकोकम करतात तसं. एक थर फळांचा, एक थर साखरेचा, आणि बरणी उन्हात. आमच्याकडे आठ दिवसांत होतं. इथलं ऊन मेलं अर्धपोटी, म्हणून अकरा दिवस ठेवलं. विस्तव दाखवला तर रंग जातो. सांग तिला."

मी सांगितलं नाही.

आता थोडं मागचं सांगायला हवं. माझे सासरे गेले ते एक्याण्णव सालच्या ऑगस्टात. माझा नवरा श्रीरंग गुहागरला गेला, दिवस झाले, घराला कुलूप लागलं, आणि तो माईंना घेऊन इंग्लंडला परत आला. आम्ही वेल्सच्या सीमेजवळच्या एका लहान गावात राहत होतो. गुहागरला माईंच्या हाताखाली पोफळी होती, रातांब्याची अकरा झाडं होती, दोन गडी होते आणि माडीवर बरण्याच बरण्या होत्या. इथे त्यांच्या वाट्याला आली ती मागच्या अंगणाची खिडकी. त्या खिडकीत त्यांनी अख्खा हिवाळा काढला. बाहेर जायचं तर इंग्रजी लागतं, आणि इंग्रजी म्हणजे मी. दवाखान्यात नाव नोंदवायला गेलो तेव्हा काउंटरवरच्या मुलीने विचारलं, नवऱ्याचं नाव? माईंनी माझ्याकडे बोट केलं. त्यांना 'नेम' हा शब्द कळत होता. पण नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात घेतलं नव्हतं, तर ते काय दवाखान्यात घेणार? मीच सांगितलं.

मी घाईची बाई आहे. तेव्हा तर फारच होते. बँकेतली नोकरी, नऊ सतराची बस, आणि ती चुकली की पुढची थेट दहाला. माझी आई म्हणायची, नीलिमा उंबऱ्यावर बसून जेवते. त्यामुळे फेब्रुवारीतल्या एका सकाळी ग्वेन हातात कुंडी घेऊन दारात उभी राहिली तेव्हा माझा एक हात कोटाच्या बाहीत होता आणि दुसरा बाही शोधत होता.

कुंडीत एक काठी होती. पान नाही, कळी नाही. ग्वेन ती कुंडी माईंच्या हातात देऊन बोलायला लागली. ग्वेन सत्तरीला टेकलेली, एकटी राहणारी बाई. एरवी ती दोन शब्दांपलीकडे जायची नाही, पण त्या दिवशी चांगली दहा मिनिटं बोलली. मधेच झाडाकडे बोट करायची, मधेच जेवायचा काटा हातात धरल्यासारखं करायची, मधेच थांबून स्वतःच्या घराकडे बघायची. मी एक डोळा घड्याळावर ठेवून ऐकलं.

"काय म्हणत्ये गो?" माईंनी विचारलं.

"एल्डरबेरीचं रोप आहे. तुमच्यासाठी आणलंय. उन्हात लावा म्हणते, आणि फळं कच्ची खायची नाहीत."

"एवढा वेळ बोलत होती. एवढंच?"

"इंग्रजीत पाल्हाळ फार असतं," मी म्हटलं, आणि बससाठी पळाले. मिळाली बस. शेवटून दुसऱ्या खिडकीशी जागासुद्धा मिळाली.

संध्याकाळी घरी आले तर माईंनी अंगण खणायला काढलं होतं, पायात श्रीरंगचे जुने बूट घालून. "एल्डर म्हणजे काय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, थोरला किंवा थोरली. "मग ही आमची थोरली," माई म्हणाल्या, आणि काठीला नाव पडलं.

थोरलीने माईंना खिडकीतून उठवलं. तांदळाचं धुवण थोरलीला, चुलीची राख नाही म्हणून शेकोटीची राख ग्वेनकडून मागून आणून थोरलीला. ती पहिल्या उन्हाळ्यात माईंच्या छातीला लागली. दुसऱ्या जूनमध्ये तिच्यावर ताटाएवढे पांढरे फुलोरे आले, आणि ऑगस्टात घोस. आधी हिरवे, मग लालसर, मग काळे. पाखरांनी हल्ला केला तेव्हा माईंनी आपलं जुनं पातळ फाडून तिला गुंडाळलं. श्रीरंग म्हणाला, "माई, झाडाला नेसवलंत." माई म्हणाल्या, "तुझ्या बायकोपेक्षा बरी नेसत्ये."

पण त्याच ऑगस्टात त्यांनी श्रीरंगला दुसरंही सांगितलं होतं. "माझं परतीचं तिकीट काढ. इथे मी कोणाची कोण? तिथे निदान गडी तरी माझं ऐकतील." गुहागरच्या बंद घरात त्यांनी एकटीने राहायचं, सदुसष्टाव्या वर्षी, या विचाराने श्रीरंगची झोप उडाली होती. तेवढ्यात ग्वेनने गावच्या प्रदर्शनाचा अर्ज आणला आणि 'घरगुती फळपेयं' या खान्यात माईंचं नाव घालून टाकलं. माई म्हणाल्या, "बरं. प्रदर्शन होऊ दे, मग ठरवू." घरात आम्ही दोघं त्या प्रदर्शनाला नवस बोलल्यासारखे जपत होतो.

आणि माईंनी सरबतात कसर ठेवली होती असं कोणी म्हणू नये. रोज सकाळी एक घोस माझ्यासमोर यायचा. "ही कच्ची तर नाहीत ना गो?" मी तोंडात टोस्ट धरून सांगायची, नाहीत, मस्त पिकलीत. दोन दिवस बसून त्यांनी एकेक दाणा वेचला. जरा हिरवा दिसला, जरा लाल दिसला, की बाहेर. "एकसुद्धा कच्चं जाऊ द्यायचं नाही. ग्वेनने सांगितलंय." मग बरणी भरली. ती बरणी उन्हामागे फिरायची, सकाळी स्वयंपाकघराची खिडकी, दुपारी जिना, संध्याकाळी न्हाणीघर. रोज आंघोळीला जाताना मी ती स्वतःच्या हाताने बाजूला सरकवत होते. आत काय चाललंय हे विचारायला मला अकरा दिवसांत वेळ झाला नव्हता.

तर आता तंबूबाहेर.

"नीलिमा," ग्वेन म्हणाली, "किती वेळ?"

"उकळलेलंच नाही," मी म्हटलं. "कच्चंच आहे."

ग्वेनने माझा दंड धरला. बाईला एवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. "कोणी प्यायलंय?"

मी माईंकडे वळले. "माई, तुम्ही चाखून पाहिलंत?"

"चाखू कशी? स्पर्धेला द्यायचं ना? नैवेद्याचं आधी कोणी उष्टं करतं का?"

त्या क्षणी मी गणपतीपासून झाडून सगळ्या देवांना हात जोडले. घरात कोणी आजारी का पडलं नव्हतं, ते कळलं.

"एका चमच्याने परीक्षक मरणार नाही," ग्वेन भरभर बोलत होती. "पण पोट उलटेल. माझी मावशी तीन दिवस अंथरुणात होती. आणि पहिला नंबर आला तर बाटली बारा वाजता सगळ्यांना वाटतात. छोट्या पेल्यांतून. मुलंसुद्धा घेतात. आणि नीलिमा, तो रंग पाहिलास ना? पहिला नंबर तिचाच आहे."

"काय झालं?" माईंनी विचारलं. "काय बोलता दोघी?"

"माई, ती कच्ची खायची नसतात."

"हो. मग? एक तरी कच्चं होतं का त्यात? तूच पाहिलंस ना रोज?"

"कच्ची म्हणजे न शिजवलेली, माई. पिकलेली असली तरीसुद्धा. विष असतं त्यात. शिजवलं की जातं."

मराठीत कच्चा आंबाही कच्चा आणि कच्ची भाकरीही कच्ची. ग्वेनच्या भाषेत त्या दोन गोष्टींना दोन शब्द आहेत, आणि तिने त्यातला बरोबर शब्द वापरला होता. मी त्याचं जे केलं, ते चूक नव्हतं. फक्त अर्धं होतं.

माईंनी तंबूकडे पाहिलं. दोरीच्या वरून आतलं टेबल दिसत होतं. पांढरा कोट घातलेली परीक्षक बाई, गावच्या शाळेत तीस वर्षं स्वयंपाक केलेली मिसेस ॲलनबी, हातात चमचा घेऊन एकेक बाटली उघडत येत होती. माईंच्या बाटलीच्या आधी अजून चार बाटल्या होत्या.

माझं डोकं पळायला लागलं. इथे 'विष' हा शब्द मोठ्याने उच्चारला, तर या गावात माई पुढची वीस वर्षं विषवाली भारतीण. त्या पुन्हा दाराबाहेर पाऊल टाकणार नाहीत. पुढच्याच आठवड्यात विमानात बसतील.

"माई, तुम्ही इथेच थांबा. मी सांगते की चुकून दुसरी बाटली ठेवली गेली. बदलायची आहे म्हणून काढून आणते. कोणाला काही कळणार नाही."

"खोटं?"

"छोटंसं."

मी दोरीजवळ गेले. तिथे बिल्ला लावलेला एक उंच गृहस्थ उभा होता. मी माझं उत्तमातलं उत्तम इंग्रजी काढलं. बाटली चुकली आहे, एक मिनिट आत जाऊ द्या.

"परीक्षण चालू असताना स्पर्धकांना आत सोडत नाहीत, मॅडम."

"मी स्पर्धक नाही. सासूबाई स्पर्धक आहेत."

"मग तर तुमचा प्रश्नच येत नाही."

आत तीन बाटल्या उरल्या. मी त्याला म्हटलं, फार महत्त्वाचं आहे. तो म्हणाला, नियमही महत्त्वाचे आहेत. दोन उरल्या. ग्वेन मागून ओरडली, "हॅरल्ड, मूर्खपणा करू नकोस." हॅरल्ड तिच्याकडे वळला, आणि त्याच्या कोपराखालून काहीतरी निळं सर्रकन गेलं.

माई दोरीखालून वाकून आत गेल्या होत्या. निळं सुती पातळ, वर श्रीरंगचा करडा स्वेटर, पायात त्याचे बूट. त्या बुटांत त्यांना धावता येत नव्हतं, पण त्या धावत होत्या. गुहागरला पोफळीत गुरं शिरली की धावत असतील तशा. हॅरल्ड त्यांच्यामागे, मी हॅरल्डच्या मागे, ग्वेन माझ्या मागे. भोपळ्यांच्या टेबलाला माझी कंबर लागली आणि एक भोपळा गडगडत खाली गेला. त्याच्या मालकाची मी अजून माफी मागितलेली नाही.

मिसेस ॲलनबीने बाटली उघडली होती. चमचा भरला होता. तो उजेडात धरून ती रंग बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला आजही दिसतं. मग तिने चमचा तोंडाकडे नेला.

माईंनी तिचं मनगट धरलं.

"नो," माई म्हणाल्या. त्यांनी दुसऱ्या हाताने बाटलीवर तळवा ठेवला, आणि दोन वर्षांत साठवलेलं होतं नव्हतं ते सगळं इंग्रजी बाहेर काढलं. "नो ड्रिंक. नॉट कुक. बॅड फॉर स्टमक. माय मिस्टेक."

माय मिस्टेक. मी तीन पावलांवर उभी होते. तोंड उघडून एवढंच म्हणायचं होतं की चूक यांची नाही, माझी आहे. तंबूत परीक्षक होते, मदतनीस होते, एक पाद्री होता. मी उघडलं नाही. मला लाज वाटली, आणि लाज वाटल्याची आणखी लाज वाटली, आणि तेवढ्यात वेळ निघून गेली.

मिसेस ॲलनबीने चमचा परत बाटलीत रिकामा केला. "तीस वर्षं मी मुलांना जेवायला घातलं," ती म्हणाली. "एवढ्या लोकांत असं सांगायला किती बायका धावत आल्या असत्या, मला शंका आहे." मग तिने माईंच्या कार्डावर 'स्पर्धेतून मागे' असं लिहिलं, आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ लिहिली. मी ती वाचून माईंना सांगितली. "रंग उत्कृष्ट. पुढच्या वर्षी शिजवून आणावं."

"पूर्ण वाचलंस?" माईंनी विचारलं.

"हो."

"नक्की?"

त्या पहिल्यांदाच मला असं विचारत होत्या.

आम्ही तिघी घरी आलो तेव्हा एक वाजला होता. बाटलीतलं आणि बरणीतलं सरबत ग्वेनने गाळून घेतलं, जाड बुडाच्या पातेल्यात ओतलं आणि गॅसवर ठेवलं. "उकळी आल्यापासून वीस मिनिटं," ती म्हणाली, "झाकण न ठेवता." माईंनी स्टूल ओढलं, त्यावर बसल्या, आणि मला समोरची खुर्ची दाखवली.

"वीस मिनिटं आहेत. आता सांग. कुंडी आणली त्या दिवशी ही काय काय म्हणाली होती? पहिल्यापासून. एक शब्द गाळू नकोस."

मला धड आठवत नव्हतं, म्हणून मी ग्वेनलाच विचारलं. ती हसली आणि परत सगळं सांगायला लागली. ती एक वाक्य बोलायची, मी ते मराठीत सांगायची, मग पुढचं. झाडाला ओलावा आवडतो, पण पाण्यात उभं राहायला नाही. पानं, साल, देठ, काहीही पोटात जाऊ द्यायचं नाही. घोसाला काट्याने विंचरायचं म्हणजे दाणे सुटतात आणि देठ हातात राहतो. दाणे पाण्यात टाकले की हिरवे वर तरंगतात, ते काढायचे. आणि पिकलेले असोत की कसेही, शिजवल्याशिवाय एक दाणा तोंडात टाकायचा नाही. माई प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या. सरबताला उकळी आली, आणि मी डाव घेऊन ढवळायला उठले. घरभर जांभळाच्या जवळपासचा काहीतरी वास पसरला.

"मग?" माई म्हणाल्या. "एवढ्याला दहा मिनिटं नाही लागत."

ग्वेन म्हणाली, "मग मी म्हटलं होतं, हे रोप माझ्या नवऱ्याने लावलेल्या झाडाचं आहे."

मी ते सांगितलं.

"मी म्हटलं, तो जुलैत गेला. तुमचेही त्याच उन्हाळ्यात गेले असं नीलिमाने मला सांगितलंय. मी माझ्या खिडकीत बसते तेव्हा मला तुम्ही तुमच्या खिडकीत दिसता. मला तुमची भाषा येत नाही, म्हणून हे रोप आणलं."

मी हे सांगायला लागले आणि मधेच थांबले. हे मी ऐकलं होतं. फेब्रुवारीतल्या त्या सकाळी, एक बाही घालून, ऐकलं होतं. बस चुकेल म्हणून, आणि खरं सांगायचं तर सकाळी सकाळी दारात दोन म्हाताऱ्या रडतील म्हणूनही, मी ते गाळलं होतं. मी उरलेलं सगळं सांगितलं. मग म्हटलं, "माई, चूक माझी होती. तंबूत मी बोलायला हवं होतं."

माईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या ग्वेनकडे बघत होत्या. "म्हणजे हिला ठाऊक होतं," त्या हळूच म्हणाल्या. "दीड वर्ष. आणि मला वाटत होतं, यांच्यात असतं तसं, नवरा सोडून गेला असेल. विचारायचं कसं, म्हणून मी कधी विचारलं नाही."

हे भाषांतर करू की नको, मला कळेना. माईंनी हाताने थांब अशी खूण केली आणि स्टूल ग्वेनच्या जवळ सरकवलं.

"युवर हजबंड," त्या म्हणाल्या. "नेम?"

"टॉम," ग्वेन म्हणाली.

"टॉम," माई म्हणाल्या. मग त्यांनी पदर सारखा केला, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. अकरा वर्षं मी त्या घरची सून होते. 'हे' ऐकलं होतं, 'आमच्याकडचे' ऐकलं होतं, 'श्रीरंगचे बाबा' ऐकलं होतं.

"माय हजबंड," माई म्हणाल्या. "मोरेश्वर."

ग्वेनने ते नाव दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा जवळजवळ बरोबर आलं. मी हातातला डाव तसाच धरून माईंच्या तोंडाकडे बघत राहिले.

"ढवळ गो," माई म्हणाल्या. "खाली लागेल."